व्हर्न मिकेल्सन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मिनियापोलिस लेकर्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाबद्दल वाचताना संघाचा तारा जॉर्ज माइकन याचं नाव पहिल्या ओळीत येतं, मिकेल्सनचं चौथ्या-पाचव्या. त्यामुळे त्याच्याबद्दलचे प्रश्नही बरेचसे ठरलेले असतात. सुरुवातीला सोपे प्रश्न घेतले आहेत, आकड्यांच्या गुंत्याचे पुढे. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. हा मिकेल्सन नेमका कोण? थोडक्यात सांगा.

अमेरिकेतला व्यावसायिक बास्केटबॉलपटू. जागा फॉरवर्डची (रिंगच्या दोन बाजूंनी खेळणाऱ्या दोघांपैकी एक), उंची ६ फूट ७ इंच, वजन साधारण १०४ किलो. १९४९ ते १९५९ असे दहा हंगाम तो एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये एकाच संघाकडून, मिनियापोलिस लेकर्सकडून खेळला. ६९९ सामने, १०,०६३ गुण, सरासरी १४.४. चार अजिंक्यपदं, सहा वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी निवड, चार वेळा हंगामाच्या दुसऱ्या सर्वोत्तम संघात (लीगमधल्या उत्तम खेळाडूंचे असे मानाचे संघ दरवर्षी निवडले जात). पहिल्या सर्वोत्तम संघात मात्र एकदाही नाही, आणि त्याची कारकीर्द समजून घ्यायला हा तपशील फार उपयोगाचा आहे. जन्म २१ ऑक्टोबर १९२८, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. वाढला मिनेसोटातल्या आस्कोव्ह या डॅनिश वस्तीच्या छोट्या गावात. वडील तिथे ल्यूथरन पाद्री होते. मृत्यू २१ नोव्हेंबर २०१३.

२. लेकर्स तर लॉस एंजेलिसचे. मग हे मिनियापोलिस कुठून आलं?

संघ मुळात मिनियापोलिसचाच. १९४७ मध्ये डेट्रॉइट जेम्स नावाचा डबघाईला आलेला संघ विकत घेऊन तो मिनियापोलिसला आणला गेला. मिनेसोटा हे दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणून ओळखलं जातं, त्यावरून ‘लेकर्स’. लॉस एंजेलिसला संघ गेला १९६० मध्ये, म्हणजे मिकेल्सन निवृत्त झाल्यानंतर एका वर्षाने. तो लॉस एंजेलिसच्या संघाकडून कधीच खेळलेला नाही. तरी संघाच्या आजच्या विक्रमांच्या याद्यांत त्याचं नाव येतं, कारण मिनियापोलिसची वर्षं त्याच खात्यात धरली जातात.

३. तो लेकर्सकडे आला कसा? ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यात, कितवा होता?

कितवाही नाही. तो ‘टेरिटोरियल पिक’ होता. त्या काळी संघाला पहिल्या फेरीतली आपली पाळी सोडून, साधारण ५० मैलांच्या परिसरातल्या कॉलेजातला एक खेळाडू थेट घेता यायचा. नव्या लीगला तिकिटं खपवायची होती आणि गावातल्या ओळखीच्या पोरासाठी लोक येतात, हा त्यामागचा साधा हिशोब. मिकेल्सन हॅम्लिन विद्यापीठाचा, हॅम्लिन सेंट पॉलमध्ये, आणि सेंट पॉल म्हणजे मिनियापोलिसचं जुळं शहर. वयाच्या सोळाव्या वर्षी तो हॅम्लिनला दाखल झाला आणि १९४९ मध्ये प्रशिक्षक जो हटन यांच्या हाताखाली त्या संघाने लहान कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तक्त्यात त्याच्या नावापुढे क्रमांक दिसत नाही म्हणून तो निवडलाच गेला नव्हता, असा अर्थ काढू नये.

४. कॉलेजात सेंटर (रिंगजवळ खेळणारा, बहुधा सर्वांत उंच खेळाडू) होता, मग फॉरवर्ड का केलं?

कारण सेंटरच्या जागेवर जॉर्ज माइकन होता आणि त्या काळी त्याला हलवणं म्हणजे वेडेपणा.

प्रशिक्षक जॉन कुंडला यांनी आधी दोघांना एकदम रिंगजवळ उभं करून पाहिलं. याला ‘डबल पिव्हट’ म्हणत. कागदावर कल्पना भारी वाटते; मैदानावर ती अडली. तेव्हा रिंगखालचा पट्टा, म्हणजे ‘लेन’, फक्त ६ फूट रुंद होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दांडगे खेळाडू उभे राहिले की त्यांच्यासोबत त्यांचे दोन रक्षकही तिथेच. चार मोठी माणसं एवढ्याशा जागेत. तिसरा मोठा खेळाडू जिम पोलार्ड, ज्याची खरी ताकद धावत आत घुसण्यात होती, त्याला वाटच उरेना.

मग मिकेल्सनला बाहेर काढलं आणि रिंगकडे तोंड करून खेळायला लावलं. ऐकायला हा बदल किरकोळ वाटतो. पण सेंटर आयुष्यभर रिंगकडे पाठ करून चेंडू घेतो, खांद्याने जागा चाचपतो आणि वळून टाकतो. फॉरवर्डला समोरून येणारा रक्षक डोळ्यांसमोर ठेवून १०-१५ फुटांवरून टाकावं लागतं, पायांची ठेवण वेगळी, आणि बचावात आपल्यापेक्षा चपळ माणसामागे धावावं लागतं. हे सगळं तो व्यावसायिक झाल्यावर शिकला. पहिल्या हंगामात ११.६ आणि दुसऱ्यात १४.१ अशी सरासरी पाहिली तर शिकायला फार वेळ लागला नाही असं दिसतं.

५. ‘पहिला पॉवर फॉरवर्ड’ म्हणतात ते खरं का?

काम त्याने केलं, नाव नंतर मिळालं. तेव्हा दोन्ही फॉरवर्डना सरसकट फॉरवर्ड किंवा कोपऱ्यातले खेळाडू म्हणत. पोलार्डसारखा हलका, उडी मारणारा एक आणि मिकेल्सनसारखा ताकदीचा, रीबाउंड (हुकून उडालेला चेंडू) ओढणारा दुसरा, ही वाटणी लेकर्सच्या संघात इतकी स्वच्छ दिसली की पुढे या जागेचा इतिहास लिहिताना लोक तिथून सुरुवात करू लागले. न्यूयॉर्कचा हॅरी गॅलॅटिन त्याच्या आधी एक वर्ष लीगमध्ये आला होता आणि त्याचंही काम असंच होतं. त्यामुळे ‘पहिला’ या शब्दावर हट्ट धरण्यात अर्थ नाही. ही भूमिका ठरवून, दुसऱ्या एका महान सेंटरच्या शेजारी बसवून घडवली गेली ती मिकेल्सनच्या बाबतीत, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं.

६. मग तो गुण कसे मिळवायचा? त्याच्यासाठी चाली आखलेल्या असायच्या का?

फारशा नसायच्या. चेंडू आधी माइकनकडे जायचा. मिकेल्सनचे बरेचसे गुण हुकलेल्या चेंडूंवर आले, शिवाय फ्री थ्रोवर (समोरच्याने फाउल, म्हणजे नियमभंग केला की कुणी न अडवता टाकायला मिळणारा चेंडू). त्याने २,९६९ फ्री थ्रो टाकले, म्हणजे एकूण गुणांच्या जवळपास तीस टक्के, आणि यशाचं प्रमाण ७६.६ टक्के. मोठ्या अंगाच्या खेळाडूसाठी हा आकडा उत्तमच. लांबून टाकायचा असेल तेव्हा त्याचा ठरलेला प्रकार म्हणजे दोन्ही हातांनी डोक्यावरून टाकलेला चेंडू. आज तो जुनाट दिसतो. पण चेंडू डोक्याच्या वर असल्याने रक्षकाचा हात पोहोचायचा नाही, आणि तिथूनच माइकनला पासही देता यायचा.

प्रशिक्षक मंडळी विचारतात, म्हणून आक्रमणातला रीबाउंड मिळवण्याची पद्धत इथेच देतो. आपल्या साथीदाराचा हात वर जाताच हलायचं, चेंडू रिंगला लागण्याची वाट पाहायची नाही. कोपऱ्यातून टाकलेला आणि हुकलेला चेंडू बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला उडतो, तेव्हा तिकडची जागा धरायची. रक्षक पाठ लावून अडवत असेल तर त्याच्या पाठीवर न जाता एक पाऊल तळरेषेच्या बाजूला टाकून त्याच्या शेजारी यायचं. निदान अर्धी जागा तरी मिळते. चेंडू हाती आला की खाली आणायचा नाही, हनुवटीच्या वरूनच परत टाकायचा. चूक होते ती तिसऱ्या टप्प्यावर. शेजारी येण्याऐवजी माणूस वरून झेपावतो आणि पाठीवरचा फाउल पडतो. मिकेल्सनला तो किती वेळा पडला हे क्रमांक ८ मध्ये पाहा.

७. चार अजिंक्यपदं कोणती?

१९५०: सिरॅक्यूज नॅशनल्सवर ४-२. पहिला सामना सिरॅक्यूजमध्ये ६८-६६ असा जिंकला तो लेकर्सच्या बॉब हॅरिसनने शेवटच्या क्षणी साधारण ४० फुटांवरून टाकलेल्या चेंडूने. १९५२: न्यूयॉर्क निक्सवर ४-३. १९५३: पुन्हा निक्स, ४-१. १९५४: पुन्हा सिरॅक्यूज, ४-३.

मधलं १९५१ रॉचेस्टर रॉयल्सनी नेलं. माइकन जायबंदी पायाने खेळत होता. काही ठिकाणी लेकर्सच्या नावावर त्या काळची पाच किंवा सहा अजिंक्यपदं दिसतात. तीही बरोबरच. १९४८ चं दुसऱ्या लीगमधलं आणि १९४९ चं, ही दोन मिकेल्सन येण्याआधीची.

घरचे सामने दोन शहरांत विखुरलेले दिसले तर गोंधळू नका. १९५० च्या अंतिम मालिकेत मिनियापोलिसचं सभागृह दुसऱ्याच कार्यक्रमाला दिलेलं होतं, म्हणून काही सामने सेंट पॉलला झाले. १९५२ मध्ये निक्सचीही तीच गत; मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सर्कस असल्यामुळे ते एका लष्करी आर्मरीत खेळले. अजिंक्यपदाची मालिका सर्कशीसाठी जागा सोडते, यावरून त्या काळी या लीगची पत काय होती ते कळतं.

८. सर्वांत जास्त वेळा फाउल आउट होण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. म्हणजे तो धसमुसळा खेळायचा का?

विक्रम खरा आहे: १२७ वेळा. एनबीएत वैयक्तिक सहा फाउल झाले की खेळाडू त्या सामन्यातून बाद. हा हिशोब १९५०-५१ पासून ठेवला जातो. तेव्हापासून मिकेल्सन ६३१ सामने खेळला, म्हणजे साधारण दर पाच सामन्यांत एकदा तो शेवटपर्यंत मैदानावर नव्हता. कारकिर्दीत एकूण २,८१२ फाउल, सामन्यामागे चार. १९५४-५५ पासून सलग तीन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक फाउल त्याचेच.

आता कारणं. पहिलं, जागेचं: समोरच्या संघाचा सर्वांत दांडगा फॉरवर्ड त्याच्याकडे असायचा आणि त्याला रिंगपासून लांब ढकलत ठेवणं हेच त्याचं काम. दुसरं, क्रमांक ६ मधल्या रीबाउंडचं. तिसरं कारण त्याच्या स्वभावाचं नाही, नियमांचं आहे. १९५४ पर्यंत चेंडू कितीही वेळ धरून ठेवता यायचा. मागे पडलेल्या संघाला तो परत मिळवण्याचा एकच खात्रीचा मार्ग होता, फाउल करणे. समोरचा एक फ्री थ्रो टाकणार आणि आपल्याला चेंडू मिळणार. सामन्याच्या शेवटी त्यामुळे फाउलांची रांग लागायची आणि आधीच चार-पाच फाउल झालेला मोठा खेळाडू पहिला बाहेर जायचा.

त्या संघात हे नवीनही नव्हतं. १९४९-५० पासून सलग तीन हंगाम सर्वाधिक फाउल माइकनचे होते. ‘धसमुसळा’ हा शब्द वापरायचाच तर सगळ्या लीगला वापरावा लागेल.

एक सुधारणा: १२७ हा कारकिर्दीचा विक्रम. एका हंगामातला विक्रम त्याचा नाही. तो फोर्ट वेनच्या डॉन माइनेकचा, १९५२-५३ मधला, २६ वेळा. आणि सामन्यांच्या प्रमाणात पाहिलं तर वॉल्टर ड्यूक्स पुढे आहे: ५५३ सामन्यांत १२१ वेळा.

९. पाचातल्या एका सामन्यात बाहेर जाणाऱ्याला ‘भरवशाचा’ कसं म्हणायचं?

दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घातल्या की असा प्रश्न पडतो. त्याच्या दहा हंगामांत लेकर्सचे साखळीतले ७०४ सामने झाले. त्यातले ६९९ तो खेळला. हुकले पाच: १९५०-५१ मध्ये चार आणि १९५४-५५ मध्ये एक. बाकी आठ हंगाम पूर्ण. हे त्या काळात, जेव्हा संघ रात्रीच्या रेल्वेने प्रवास करायचा आणि दुखापतीवर इलाज म्हणजे पट्टी.

फाउल आउट होणं हे अंग न वाचवता खेळण्याचं मोल होतं आणि प्रशिक्षकाला ते आधीच ठाऊक असायचं. सहावा फाउल बहुधा शेवटच्या टप्प्यात पडतो. तोवर तो आपलं काम करून बसलेला असायचा. मिनिटांची नोंद १९५१-५२ पासून आहे आणि त्यात त्याची सरासरी ४८ पैकी सुमारे ३२ मिनिटांची निघते. म्हणजे बाद होण्याची टांगती तलवार धरूनही दोन-तृतीयांश सामना. आमच्या मते भरवशाची व्याख्या हीच: सहाव्या फाउलपर्यंत तो नक्की आहे, हे धरून संघ आखता यायचा.

१०. १९५४-५५ मध्ये त्याची सरासरी ११.१ वरून एकदम १८.७ कशी झाली?

दोन गोष्टी एकाच उन्हाळ्यात घडल्या.

माइकन निवृत्त झाला. आत जाणारा चेंडू आता दोघांत वाटला गेला: नवा सेंटर क्लाइड लव्हलेट आणि मिकेल्सन. लव्हलेटची त्या हंगामातली सरासरीही जवळपास तेवढीच आहे.

आणि २४ सेकंदांचं घड्याळ आलं, म्हणजे तेवढ्या वेळात चेंडू रिंगकडे टाकायलाच हवा असा नियम. त्याआधीची अवस्था समजण्यासाठी एक सामना पुरे: २२ नोव्हेंबर १९५०, फोर्ट वेन पिस्टन्स १९, लेकर्स १८. पिस्टन्सनी चेंडू नुसता धरून ठेवला. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या माइकनचे. सिरॅक्यूजचे मालक डॅनी बिआसोन यांच्या आग्रहाने १९५४ मध्ये घड्याळ बसवलं आणि संघांची सरासरी ७९.५ वरून ९३ वर गेली. चेंडू जास्त वेळा टाकला जाऊ लागला म्हणजे जास्त वेळा हुकूही लागला, आणि हुकलेल्या चेंडूवर जगणाऱ्या माणसाची चांदी झाली.

वाचकांच्या लक्षात राहत नाही ते असं की १५.३ ची सरासरी तो माइकन असतानाही, १९५१-५२ मध्ये, गाठून आला होता. त्याच वर्षी माइकनला रोखण्यासाठी लेन ६ वरून १२ फूट रुंद केली गेली. माइकनची सरासरी २८.४ वरून २३.८ वर घसरली. मिकेल्सनची उलट वाढली. तो आधीच लेनच्या बाहेर खेळायला शिकलेला होता (क्रमांक ४).

११. नेमबाजी ४०.३ टक्के? आजच्या मानाने फारच कमी नाही का?

आजच्या मानाने हो. त्याच्या पहिल्या हंगामात सगळ्या लीगचं प्रमाण ३४ टक्के होतं आणि शेवटच्या हंगामातही ४० ला पोहोचलं नव्हतं. म्हणजे तो दहाही वर्षं मिळून सरासरीच्या वरच राहिला. जुन्या खेळाडूची टक्केवारी नेहमी त्याच हंगामाच्या सरासरीशेजारी ठेवून पाहावी.

तक्ता वाचताना अजून काही ठिकाणी पाय घसरतो. १९४९-५० च्या रकान्यात रीबाउंड रिकामे आहेत, शून्य नव्हेत. नोंदच पुढच्या वर्षी सुरू झाली. त्यामुळे त्याचे ५,९४० रीबाउंड ६९९ ने भागायचे नाहीत, ६३१ ने भागायचे. उत्तर ९.४. स्टील (हिसकावलेले चेंडू), ब्लॉक (टाकताना अडवलेले चेंडू) आणि आक्रमणातले रीबाउंड वेगळे मोजणं हे सारं १९७३-७४ पासूनचं. तीन गुणांची रेषा तर नव्हतीच.

१२. बारा फुटांवर रिंग लावून सामना झाला होता, त्यात तो होता असं वाचलं. खरं?

लेकर्सचा तो सामना खरा आहे, आणि त्या हंगामात मिकेल्सनचा एकही सामना हुकला नव्हता (क्रमांक ९), म्हणजे तोही त्यात होता. ७ मार्च १९५४, मिलवॉकी हॉक्सविरुद्ध, रिंग १० ऐवजी १२ फुटांवर. उंच खेळाडूंचा फायदा कमी होईल ही अपेक्षा होती. झालं उलटं: सगळ्यांचीच नेमबाजी बिघडली, आणि हुकलेले चेंडू पुन्हा उंच, रुंद माणसांच्याच हाती. लेकर्स ६५-६३ जिंकले. प्रयोग परत झाला नाही.

१३. ३० व्या वर्षीच का थांबला? संघाची मालकी देऊ केली होती म्हणतात.

शेवटच्या हंगामातही सरासरी १३.८ होती आणि एकही सामना चुकला नव्हता. त्याआधीच्या वर्षी, १९५७-५८ मध्ये, १७.३ गुण आणि ११.२ रीबाउंड, पण संघ १९ विजय आणि ५३ पराभव असा तळाला. तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळायची; त्या बळावर लेकर्सना एल्जिन बेलर हा दमदार नवा खेळाडू मिळाला आणि १९५९ मध्ये ते अंतिम मालिकेत पोहोचले. तिथे बोस्टनने ४-० असं धुतलं. मिकेल्सन तिथे थांबला आणि नंतर विमा व्यवसायात गेला.

मालक बॉब शॉर्ट यांनी त्याला खेळाडू-प्रशिक्षक व्हायला सांगितलं होतं आणि सोबत संघाचा २५ टक्के हिस्सा देऊ केला होता. त्याने नकार दिला. १९६५ मध्ये शॉर्टनी संघ ५१ लाख ७५ हजार डॉलरना विकला. चौथा हिस्सा किती झाला असता, ते ज्याने त्याने काढावं. मात्र १९५९ मध्ये लेकर्स तोट्यात होते, हे विसरून त्याला नावं ठेवू नयेत.

पुढे एकदाच तो व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये परतला: १९६८-६९ मध्ये एबीए या एनबीएच्या प्रतिस्पर्धी लीगमधल्या मिनेसोटा पायपर्सचा महाव्यवस्थापक म्हणून, आणि मध्ये काही काळ प्रशिक्षकही.

१४. त्याची १९ क्रमांकाची जर्सी लेकर्सनी निवृत्त केली आहे का?

स्वतंत्रपणे नाही. २००२ मध्ये मिनियापोलिसच्या मंडळींचा एकत्रित फलक लावला गेला; त्यात मिकेल्सन, माइकन, पोलार्ड, स्लेटर मार्टिन, लव्हलेट आणि प्रशिक्षक कुंडला यांची नावं आहेत. यातल्या माइकनचा ९९ क्रमांक २०२२ मध्ये वेगळा निवृत्त झाला. १९९६ मधल्या पन्नास थोर खेळाडूंच्या यादीतही मिकेल्सन नाही. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, मात्र आहे, १९९५ पासून. त्याच वर्षी कुंडलाही आले, आणि करीम अब्दुल-जब्बारही. उशीर झाला हे खरंच. ३६ वर्षं म्हणजे फारच.

१५. गॅलॅटिन, सिरॅक्यूजचा डॉल्फ शेज आणि मिकेल्सन या फॉरवर्डांत सरस कोण?

शेज. तो संघाचा मुख्य खेळाडू होता, लांबून नेम साधायचा आणि सलग ७०६ सामने खेळला. गॅलॅटिन (सलग ६८२) आणि मिकेल्सन यांत निवड अवघड आहे. निव्वळ रीबाउंडसाठी गॅलॅटिन घ्यावा. १९५३-५४ मध्ये सामन्याला १५.३ काढून तो लीगमध्ये पहिला होता. पण आपल्याकडे आधीच मोठा सेंटर असेल आणि त्याच्या शेजारी, चेंडू न मागता उभा राहणारा माणूस हवा असेल, तर मिकेल्सन. फक्त बाकावर एक बदली फॉरवर्ड तयार ठेवावा; कारण क्रमांक ८.

१६. काही ठिकाणी ‘आरिल्ड व्हर्नर’ असं नाव दिसतं. तो वेगळा खेळाडू आहे का?

नाही, तोच. पूर्ण डॅनिश नाव आरिल्ड व्हर्नर अगर्सकोव्ह मिकेल्सन. मैदानावर, धावफलकावर आणि वर्तमानपत्रांत ‘व्हर्न’. जुन्या नोंदी शोधताना दोन्ही नावांनी शोधा.